पेशव्यांचें हुजूर दफ्तर

मराठी राज्याची गोष्ट निघाली म्हणजे किल्ले, घोडदळ, लढाया आणि तह यांचींच वर्णनें बहुधा ऐकावयास मिळतात. पालखेड, वसई, पानिपत, खर्डा हीं नांवें घरोघर ठाऊक आहेत. परंतु घोड्यास दाणा लागतो, शिपायास रोजमुरा लागतो, किल्ल्यास गल्ला व दारूगोळा लागतो; आणि हें सर्व ज्या पैशानें होतें तो पैसा ज्या रयतेकडून यावयाचा, तिच्या शेताचा, पिकाचा, देण्याचा व सवलतीचा हिशेब कोणी तरी दररोज बसून लिहावा लागतो. अठराव्या शतकांत मराठी राज्याचें हें काम पुण्यास ज्या खात्यानें केलें त्याचें नांव हुजूर दफ्तर.

राज्य १८१८ मध्यें गेलें व त्याबरोबर हें खातेंहि गेलें. पण त्याचे कागद राहिले. आणि कोणतें इनाम खरें व कोणतें खोटें, कोणाची जमीन कोणाकडे चालावी, हें ते कागद राज्य बुडाल्यावरहि कित्येक दशकें ठरवीत राहिले. राज्यकर्त्यानें दिलेला शब्द कोठें नोंदला जातो, तो कोण जपतो, आणि जपणारा नाहींसा झाला म्हणजे सामान्य कुटुंबावर काय प्रसंग येतो, हें या एका खात्याच्या हकीकतींत स्पष्ट दिसून येतें.

लेखणीचा मान मराठी राज्यांत पहिल्यापासून होता. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांपैकीं तीन प्रधानांचें काम मुख्यतः कागदाशीं असे. अमात्य अथवा मुजुमदार हा जमाखर्च पाही; सचिव अथवा सुरनीस हा राजपत्रें तपासून शुद्ध करी; मंत्री अथवा वाकनीस हा राजाच्या नित्य व्यवहाराची टिपणी राखी. पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटली म्हणजे मजकूर तेथेंच संपला, तिच्या पुढें कोणास एक अक्षरहि घुसडतां येऊं नये, अशी ती योजना होती. महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश रचला गेला व दरबारांत रुळलेल्या फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यांत आले. तथापि दफ्तर, फडणीस, रोजकीर्द हे शब्द लोकांच्या जिभेवरून हलले नाहींत, आणि पुढें तर त्याच नांवांचीं खातीं राज्याचा कणा होऊन बसलीं.

पहिल्या बाजीरावानें पुण्यास शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्यें घातला व १७३२ मध्यें वास्तुशांत केली. हुजूर दफ्तराचे सलग कागद मिळतात तेहि साधारण याच सुमारापासून. शाहू महाराज १७४९ च्या अखेरीस वारल्यावर राज्याचा सारा कारभार साताऱ्याहून पुण्यास आला, आणि दफ्तराचा व्याप त्या मानानें वाढला. फडणिशीचें काम कोंकणांतील भानू घराण्याकडे होतें. या घराण्यांतील बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथाबरोबर दिल्लीस गेले असतां १७१९ मध्यें तेथील दंग्यांत मारले गेले. त्यांचे नातू बाळाजी जनार्दन म्हणजेच नाना फडणीस. हिशेब तपासणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या हातीं पुढें सबंध राज्याचीं सूत्रें आलीं, यावरून त्या खात्याचें वजन ध्यानांत यावें.

या दफ्तराची रचना कशी होती, याची माहिती इंग्रजांनीं राज्य घेतल्याबरोबर जुन्या कारकुनांना विचारून लिहून घेतली, व ती आज उपलब्ध आहे. भरभराटीच्या काळांत तेथें दोनशेंहून अधिक कारकून बसत. दफ्तराचे मुख्य भाग दोन: एक चालतें दफ्तर व दुसरें एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तराचे पुन्हा तीन पोटभाग असत. पहिला फड. हा खुद्द फडणिसाच्या देखरेखीखालीं असे. सनदा, आज्ञापत्रें व हुकूम येथून सुटत आणि दररोजच्या सर्व घडामोडींची रोजकीर्द येथेंच लिहिली जाई. दुसरा बेहडा. प्रांतोप्रांतींचे हिशेब येथें येत, आणि त्यांवरून पुढील सालीं कोणत्या प्रांतांत उत्पन्न किती यावें व खर्च किती व्हावा, याचा आगाऊ अंदाज येथें बांधला जाई. तिसरा सरंजाम. सरदारांना फौज बाळगण्यासाठीं तोडून दिलेल्या मुलुखाचा आणि दुमाला गांवांचा हिशेब याच्याकडे.

एकबेरीज दफ्तराचें काम निराळें होतें. चालत्या दफ्तरांत जें जें लिहिलें गेलें तें सारें अखेर येथें यावयाचें. रोजकीर्दींतील नोंदी खातेंवार फोडून खतावणी करावयाची. खतावणीवरून सालाचा गोषवारा, म्हणजे तर्जुमा, तयार करावयाचा. आणि राज्याची एकंदर जमा, एकंदर खर्च व शिल्लक एका दृष्टींत दिसेल असें करून ठेवावयाचें. हें दफ्तर कायमचें पुण्यांतच असे. फौजा कर्नाटकांत असोत वा हिंदुस्थानांत असोत, त्यांच्या खर्चाची शेवटची बेरीज पुण्यास होई. दहा वर्षांपूर्वीं अमुक परगण्याची जमा किती होती, असें कोणीं विचारलें तर शेंकडों रोजकीर्दी चाळण्याचें कारण पडूं नये, हाच तर्जुम्याचा हेतु होता.

आतां एका गांवाचा हिशेब या दफ्तरापर्यंत कसा पोंचे तें पाहूं जातां या यंत्राचें मर्म कळतें. गांवांत कुळकर्णी कुळवार लावणी, वसूल व बाकी लिही. परगण्यांत देशपांडे आपल्या परीनें तोच हिशेब राखी. सरकारचा कमाविसदार अथवा मामलेदार वसूल करून आपला हिशेब हुजूर पाठवी. या तिघांपैकीं पहिले दोघे वतनदार. ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच गांवीं राहावयाचे. तिसरा सरकारचा नोकर. तो आज येथें तर उद्यां दुसरीकडे. म्हणून मामलेदाराचा हिशेब देशपांड्याच्या हिशेबाशीं ताडून पाहिल्याखेरीज हुजुरांत मान्य होत नसे. मामलेदारानें वसूल कमी दाखविला तर देशपांड्याचा कागद त्याच्या अंगावर येई. देशपांड्यानें मेळ बसविण्यासाठीं आपला कागद फिरविला तर कुळकर्ण्याचें पत्रक आडवें येई.

याशिवाय मोठ्या मामलतींतून व किल्ल्यांवरून दरकदार नेमलेले असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखाननीस, चिटणीस, जामदार व पोतनीस असे ते आठ दरक. पोतनीस रोकड मोजून घेई, परंतु ती खर्ची लिहिणारा दुसरा. फडणीस हिशेब लिही, परंतु त्यावर मखलाशी करणारा मुजुमदार निराळा. विशेष हें कीं या दरकदारांची नेमणूक हुजुरांतून होई, आणि मामलेदारास त्यांना परस्पर दूर करण्याचा अधिकार नसे. आपल्या कचेरींत बसलेला मनुष्य आपल्यावरच लिहूं शकतो, हें मामलेदारास नेहमीं ठाऊक असे. माणसें लोभी असतात हें गृहीत धरून एकाच्या लोभाला दुसऱ्याच्या लेखणीचा लगाम घालण्याची ही तजवीज होती.

हा सारा खटाटोप सरकारी तिजोरीसाठीं होता हें खरें. पण त्यांत रयतेचाहि एक मोठा आधार होता. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास सरकारांतून कौल मिळे. त्यांत इस्तावा ठरविलेला असे. म्हणजे पहिल्या सालीं थोडका सारा, पुढें दरसाल कांहीं चढ, आणि ठरलेलीं वर्षें भरल्यावर पूर्ण दर. या बोलीवर कुळ रान तोडी, विहीर खणी, बैल घेई. आतां कौल देणारा कमाविसदार दोन वर्षांनीं बदलून गेला आणि नवा येऊन पूर्ण सारा मागूं लागला, तर त्या कुळानें जावें कोठें? त्याच्या हातांतील कागद आणि त्याच मजकुराची दफ्तरांतील नोंद, हीच त्याची ढाल. अवर्षणाच्या सालीं मिळालेली सूट, फौजेच्या येण्याजाण्यानें पीक तुडविलें गेल्याबद्दल मिळालेली माफी, पूर्वीं भरलेल्या बाकीची पावती, या सर्वांची गोष्ट हीच होय. तोंडी दिलेली सवलत देणाऱ्याबरोबर जाते. लिहिलेली सवलत त्याच्या जागीं येणाऱ्यासहि बांधते.

वतनाच्या भांडणांतहि दफ्तराचाच आश्रय घ्यावा लागे. पाटिलकीचा तंटा, देवस्थानच्या पूजेचा मान, शिवेचा वाद, असे कलह पिढ्यान्‌पिढ्या चालत. गोतसभा बसे, महजर होई, निवाडपत्र मिळे. आणि पुन्हा तीस-चाळीस वर्षांनीं तेंच भांडण उपस्थित झालें म्हणजे पूर्वीं काय ठरलें होतें हें शोधण्यासाठीं जुने कागद बाहेर काढावे लागत.

रोजकीर्द उघडली म्हणजे एकाच दिवसाच्या नोंदींत केवढें जग मावलेलें असे याचा प्रत्यय येतो. एका ओळींत एखाद्या किल्ल्याच्या डागडुजीचा हुकूम, दुसरींत एखाद्या गांवास सारासूट, तिसरींत कोणाची नेमणूक, चौथींत कोणास दंड, पांचवींत देवस्थानास तेलवातीची नेमणूक. तारीख मुसलमानी महिन्यांची, आणि तिच्यामागें चंद्र या अर्थाचें ‘छ’ हें अक्षर. साल सुहूर गणनेचें व तेंहि आरबी शब्दांत. ‘सबा सितैन मया व अलफ’ असें लिहिलें म्हणजे सात, साठ, शंभर व हजार मिळून ११६७ हें सुहूर साल. इसवी सनाचें तें १७६६-६७ येतें. हें साल जूनच्या आरंभीं सूर्य मृग नक्षत्रांत गेला कीं सुरू होई, म्हणून त्यास मृगसाल असेंहि म्हणत. शेतकऱ्याचें वर्ष आणि दफ्तराचें वर्ष अशा रीतीनें एकाच पावसानें सुरू होई.

लिपि मोडी. आधीं कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखालीं बोरूनें, हात शक्य तितका न उचलतां, अक्षरामागून अक्षर सोडीत जावयाचें. कागद जुन्नरी, दौलताबादी व इतर ठिकाणचे, हातानें केलेले. शाई काजळाची, ती दोनशें वर्षांनीं आजहि काळीभोर दिसते. कामाचे कागद फडक्यांत बांधून ठेवीत, व त्या गाठोड्यास रुमाल म्हणत. पुण्याच्या दफ्तरखान्यांत कागदांची मोजदाद अजूनहि रुमालांवरच केली जाते.

हें वर्णन ऐकून त्या काळीं सर्व कारभार सचोटीनें चालत होता असें मात्र कोणीं समजूं नये. दरबारखर्च व अंतस्त हे दोन शब्द त्याच कागदांत जागोजाग आढळतात. मामलेदारानें दरबारांतील मुत्सद्द्यांना व कारकुनांना खूष ठेवण्यासाठीं जें द्यावयाचें तो दरबारखर्च. आणि आंतून गुपचूप द्यावयाचें तें अंतस्त. पहिल्यानें ही लांच लपून चाले. पुढें ती इतकी अंगवळणी पडली कीं तिची रक्कमहि हिशेबांत धरली जाऊं लागली. लांचेचाहि जमाखर्च लिहिणारें दफ्तर म्हणून त्यास हंसावें, कीं निदान ती लपविली तरी नाहीं म्हणून त्यांतल्या त्यांत बरें म्हणावें, हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न आहे. एवढें खरें कीं हा भार शेवटीं रयतेवरच पडे. जातीजातींतील उंचनीच भावहि या कागदांत जसाच्या तसा उतरला आहे. लेखणी ज्यांच्या हातीं होती त्या थोड्या घराण्यांच्या दृष्टीनेंच बाकीचा समाज तेथें दिसतो.

नारायणरावाचा खून १७७३ च्या ऑगस्टमध्यें झाला आणि बारभाईंच्या कारस्थानांतून सवाई माधवरावाच्या नांवानें कारभार नानांच्या हातीं आला. नाना रणांगणावरचे पुरुष नव्हते. पानिपतावर ते हजर होते व तेथून कसेबसे वांचून आले. ती हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. त्यांचें सामर्थ्य माहितींत होतें. कोणत्या सरदाराकडे सरंजाम किती, त्यानें फौज किती ठेवावयाची, प्रत्यक्षांत ठेविली किती, कोणाकडे सरकारची बाकी किती, हें त्यांना दफ्तरावरून समजे. शिंदे-होळकरांसारख्या प्रबळ सरदारांशीं बोलतांना त्यांच्याजवळ मोठी फौज नसे. पण हिशेबाचा कागद असे. त्यांच्या अमदानींत दफ्तर उत्कृष्ट स्थितींत होतें, अशी साक्ष पुढें इंग्रज अधिकाऱ्यांनींहि दिली आहे.

नाना १८०० च्या मार्चमध्यें वारले. त्यानंतर दफ्तराची जी दशा झाली तिचें कारण सामान्यतः दुसऱ्या बाजीरावाची चैन व बेफिकिरी असें सांगतात. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. खरें कारण वसुलाच्या पद्धतींत होतें. बाजीरावानें मामलती मक्त्यानें देण्यास आरंभ केला. जो अधिक रकमेची बोली करील त्यास मामलत. आणि पुढील सालीं त्याहून अधिक देणारा भेटला तर पहिल्याची उचलबांगडी. मक्तेदारानें रयतेकडून किती घेतलें, कोणास सूट दिली, कोणाचा कौल मोडला, याची चौकशी करण्याचें सरकारास प्रयोजन उरलें नाहीं. ठरलेली रक्कम पदरांत पडली कीं काम झालें. मग बेहडा कशासाठीं बांधावयाचा? देशपांड्याचा हिशेब कशाशीं ताडून पाहावयाचा? तर्जुमा कोणासाठीं लिहावयाचा? ज्या सरकारास आपल्या रयतेची स्थिति जाणून घेण्याची गरज वाटत नाहीं, त्यास दफ्तराची गरज कां वाटावी? कारकुनांची संख्या घटत घटत खातें जवळजवळ मोडलें. ज्याला हवे त्यानें कागद घरीं न्यावे, हवे तसे वापरावे, असा प्रकार सुरू झाला. राज्य जाण्यापूर्वीं कित्येक वर्षें राज्याची आठवण अशी गेली होती.

खडकीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरमध्यें झाली व त्याच महिन्यांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं साताऱ्याहून जाहीरनामा काढून लोकांस अभय दिलें कीं वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानांच्या नेमणुका चालविल्या जातील. हें वचन देणें सोपें होतें. परंतु पाळावयाचें तर कोणाकडे काय होतें हें कळावयास पाहिजे, आणि तें सांगणारें एकच ठिकाण होतें: तेंच मोडकळीस आलेलें दफ्तर. एल्फिन्स्टननें मॅक्लिऑड नांवाच्या आपल्या एका साहाय्यकाकडे तें सोंपविलें. विस्कळित पडलेले कागद गोळा झाले, जुन्या कारकुनांना पुन्हा बसविण्यांत आलें, आणि रोजकीर्दींच्या आधारें पुढील गोषवारे जुळविण्याचें काम चाललें. ज्या पेशव्याच्या घरचे ते कागद त्यानें ते टाकले, आणि ज्यांनीं राज्य घेतलें त्यांनीं ते उचलले. यांत त्यांचा जिज्ञासेपेक्षां गरजेचाच भाग अधिक होता.

पुढें तेच कागद लोकांच्या अंगावर आले. कंपनी सरकारास करमाफ जमिनींचा भार जड वाटूं लागला. दक्षिण महाराष्ट्रांत १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली, व १८५२ च्या अकराव्या कायद्यानें तिला इनाम कमिशन हें कायदेशीर रूप मिळालें. इनामदारानें आपला हक्क कागदानें शाबीत करावा. दफ्तरांत दाखला सांपडला तर ठीक, न सांपडला अथवा विरुद्ध सांपडला तर इनाम एका-दोन पिढ्यांपुरतें चालावें किंवा तात्काळ खालसा व्हावें, असा त्या कायद्याचा रोख होता. हजारों घराण्यांवर हा प्रसंग आला. कोणाची सनद घराच्या आगींत जळालेली, कोणाची वाळवीनें खाल्लेली, कोणाची भाऊबंदांच्या तंट्यांत हरवलेली. दोन-तीन पिढ्या निर्वेध चालत आलेली वहिवाट ही पुरेशी साक्ष कां मानूं नये, असें लोक विचारीत. कित्येक सनदा खोट्या होत्या हेंहि नाकारतां येत नाहीं. बाजीरावी अंदाधुंदींत बनावट शिक्क्यांचा धंदाहि चालला होता. परंतु खऱ्या मालकाचा दाखला जर दफ्तराच्या दुर्दशेंत गहाळ झाला असेल, तर त्याची शिक्षा त्या मालकाच्या नातवानें भोगावी, हा न्याय लोकांस पटणें शक्य नव्हतें. राज्यकर्त्यांच्या हलगर्जीपणाचें फळ पन्नास वर्षांनंतर एखाद्या खेड्यांतील कुटुंबाच्या पदरांत असें येऊन पडलें.

या असंतोषाचा परिणाम १८५७-५८ च्या धामधुमींत दिसला. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब यांनीं १८५८ च्या मे महिन्यांत उठाव केला व त्यांत पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. हा मॅन्सन पूर्वीं इनाम कमिशनच्या कामावर होता. बाबासाहेबांना दत्तक नाकारण्यांत आला होता हेंहि त्या उठावाचें मोठें कारण होतें. परंतु त्या सबंध मुलुखांत इनामचौकशीनें लोकांचीं मनें किती पेटलीं होतीं, हें सरकारच्याहि लक्षांत आलें. पुढें १८६३ च्या कायद्यानें समेटाचा मार्ग निघाला. इनामदारानें आकाराच्या चौथ्या हिश्शाएवढी जुडी देण्याचें कबूल करावें व सरकारनें पुढील चौकशी सोडून द्यावी, असा तो सामान्य ठराव होता. खरा दाखला असणारासहि कांहीं सोडावें लागलें, पण घरावरची टांगती तलवार गेली.

चौकशी थांबली तरी कागद राहिले. कमिशननें ठिकठिकाणच्या वतनदारांकडून व जुन्या कचेऱ्यांतून आणलेले कागदहि त्यांत मिळाले होते. त्यांस जमाव दफ्तर असें नांव पडलें. या सर्वांसाठीं पुण्यास दगडी इमारत उभी राहिली, ती १८९१ मध्यें पुरी झाली. लोक तिला पेशवे दफ्तर म्हणूं लागले. सरकारच्या लेखीं मात्र तें एलिनेशन ऑफिस, म्हणजे सरकारी आकार सोडून दिलेल्या जमिनींचें खातें होतें. इतिहासासाठीं म्हणून तें बांधलेलेंच नव्हतें.

तरी इतिहासाची दृष्टि तेथें पोंचलीच. गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिश्यांतून महत्त्वाचे उतारे निवडून काढले, आणि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १९०० मध्यें त्यांवर प्रसिद्ध प्रस्तावनारूप निबंध लिहिला. बखरींत लढाया सांपडतात. प्रजा कशी राहत होती, कर कसे होते, न्याय कसा होता, चलन, व्यापार व धर्मादाय यांची व्यवस्था काय होती, हें या रोजनिश्यांत सांपडतें, असा त्या निबंधाचा आशय होता. रानडे १९०१ च्या जानेवारींत वारले. वाडांचे उतारे त्यानंतर खंडशः प्रसिद्ध झाले. पण खुद्द दफ्तराचे दरवाजे अभ्यासकांना बहुधा बंदच राहिले. म्हणून वासुदेवशास्त्री खरे, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यासारख्यांनीं खाजगी घराण्यांचीं दफ्तरें धुंडाळलीं, आणि १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. अखेर गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स याच्या कारकीर्दींत, सर जदुनाथ सरकार यांच्या पुढाकारानें, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची या कामीं योजना झाली. बडोद्याच्या नोकरींतून निवृत्त झालेल्या या गृहस्थानें आपल्या साहाय्यकांसह हजारों रुमाल चाळले, व १९३० ते १९३४ या अवधींत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. तरी निवडलेल्या कागदांहून न निवडलेले कागद कितीतरी पटींनीं अधिक आहेत.

आज ही इमारत महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख खात्याकडे आहे. मोडी शाळांतून गेली, आणि ती सहज वाचणारे थोडे राहिले. म्हणून त्या रुमालांपैकीं बहुतेक भाग अजून कोणीं वाचलेलाच नाहीं. त्यांत मोठे तह थोडे, आणि लहान माणसांच्या लहान गोष्टी फार आहेत: अमक्या गांवीं पाऊस पडला नाहीं म्हणून इतकी सूट, अमक्या कुळानें विहीर बांधली म्हणून इतक्या सालांचा कौल, अमकी स्त्री निराधार म्हणून तिच्या पतीचें वर्षासन तिच्याकडे चालवावें. ज्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत नाहींत त्यांचीं नांवें येथें आहेत, आणि तीं कोणा कवीनें नव्हे तर पगारी कारकुनानें लिहिलीं आहेत.

हुजूर दफ्तराच्या हकीकतीवरून एक गोष्ट निश्चित दिसते. राज्याचा शब्द राजाच्या तोंडीं असतो तोंवर तो राजाच्या मर्जीएवढाच टिकतो. तो दफ्तरांत उतरला म्हणजे प्रजेचा होतो. दफ्तर नीट राहिलें तोंवर सामान्य कुळासहि बलिष्ठ मामलेदारापुढें उभें राहण्यास जागा होती. तें बिघडलें तेव्हां पहिला तोटा सरकारचा झाला नाहीं. ज्याच्याजवळ एका कागदावांचून दुसरें बळ नव्हतें त्याचा झाला.

हें दफ्तर सरकारी होतें, म्हणून कसें तरी वांचलें. घरोघरच्या माळ्यांवर, जुन्या पेट्यांत व देवघराच्या फडताळांत जे मोडी कागद अजून पडले आहेत त्यांना असा रखवालदार नाहीं. ते वाचतां येत नाहींत म्हणून निरुपयोगी समजून रद्दींत घालण्यापूर्वीं एखाद्या जाणत्यास दाखवावे, अगर एखाद्या संशोधन मंडळाच्या स्वाधीन करावे. त्यांत कोणा तरी गांवाला दिलेला शब्द लिहिलेला असण्याचा संभव आहे.